रोटरी स्वॅपला ऑइल पॅन घेताना आधी हे बघा

माझदाचं रोटरी इंजिन (पिस्टनऐवजी फिरणारे रोटर असलेलं) दुसऱ्या गाडीत टाकायचं असेल तर ऑइल पॅन, म्हणजे इंजिनाखालचं तेलाचं भांडं, नुसता फोटो बघून मागवू नका, आधी इंजिन कुठलं ते पक्कं करा, कारण 12ए मॉडेलच्या इंजिनाचा रोटर 70 मिमी रुंद आणि 13बी चा 80, म्हणजे दोन रोटर मिळून 13बी इंजिन 20 मिमीनं जास्त लांब होतं आणि पॅनची बोल्टांची भोकं जुळत नाहीत, 20बी ला तर तीन रोटर, त्याचा पॅन वेगळाच. मग गाडीची क्रॉसमेंबर (इंजिनाखालचा आडवा दांडा) आणि स्टिअरिंग रॅक कुठे येतात ते मोजा, पॅनचा खोल भाग तिथेच आला तर इंजिन खाली बसणारच नाही.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पिकअप ट्यूब, पॅनमधलं तेल ओढणारी, टोकाला जाळी असलेली नळी. ती पॅनबरोबरच सेट म्हणून घ्या प्लीज, आणि वेगवेगळी घेतलीच तर जाळीखाली क्लेचा, म्हणजे मुलांच्या खेळायच्या मऊ मातीचा, गोळा ठेवून पॅन कोरडाच बसवा, काढा, आणि दबलेल्या मातीची जाडी मोजा, 6 ते 10 मिमी राहिली तर ठीक, एकदम चिकटून असेल तर तेल ओढलं जाणार नाही आणि फार वर असेल तर वळणावर हवा ओढेल. रोटरी तसंही मुद्दाम थोडं तेल जाळते, लेव्हल उतरतच असते, त्यामुळे बॅफल (तेल एका बाजूला पळू न देणारे आतले पत्रे) असलेला पॅन मिळाला तर तोच घ्या, थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील. पॅनची खोली बदलली असेल तर डिपस्टिकवर नवीन खूण करायला विसरू नका.