बिबट्या, पिल्लू, कासव: वन्यप्राण्याला मदत करताना या चुका टाळा

मुंबईत जखमी किंवा वाट चुकलेला प्राणी दिसला की मदतीला माणसं लगेच धावतात. या शहराची ही मोठी जमेची बाजू. पण बहुतेकांच्या मनात पहिला विचार एकच येतो: याला इथून उचलू आणि दुसरीकडे नेऊन सोडू. पुढचा बिघाड बऱ्याचदा तिथूनच सुरू होतो.

बिबट्या दिसला, पिंजरा लावा

गोरेगाव, मुलुंड किंवा घोडबंदर रोडच्या एखाद्या सोसायटीत सीसीटीव्हीवर बिबट्या दिसतो, व्हिडिओ ग्रुपवर फिरतो आणि सकाळी पिंजऱ्याची मागणी होते. बिबट्या नुसता दिसला म्हणून त्याला पकडायला लावणं ही सगळ्यांत महागात पडणारी चूक आहे. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं. ते आणि लगतची आरे मिळून पन्नासच्या आसपास बिबटे राहतात. प्रत्येक मोठ्या बिबट्याचा आपला इलाखा ठरलेला असतो. त्याला उचललं की ती जागा रिकामी राहत नाही, दुसरा बिबट्या येतो. आणि ज्याला उचललं तो परक्या जागी बिथरतो, आपल्या जागी परतायला बघतो, वाटेत त्याची माणसांशी गाठ पडते.

जुन्नर भागात वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी याचा नीट अभ्यास केला. बिबटे पकडून दुसरीकडे सोडायची मोहीम सुरू झाल्यावर माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी ४ वरून १७ वर गेले. आपल्याकडे २००२ ते २००४ या काळात उद्यानाभोवती हल्ल्यांनी कहर केला, तेव्हाही बाहेर पकडलेले बिबटे उद्यानात आणून सोडले जात होते. या अनुभवातून धडा घेऊनच २०११ मध्ये वनविभाग, अभ्यासक आणि नागरिकांनी मिळून ‘मुंबईकर्स फॉर एसजीएनपी’ (एसजीएनपी म्हणजे संजय गांधी नॅशनल पार्क) हा उपक्रम सुरू केला.

मग करायचं काय? आधी कचरा बघा. कुंडी उघडी राहिली की कुत्री जमतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो. मागच्या भिंतीकडचा दिवा चालू आहे ना, झाडी माजलेली नाही ना, हे सोसायटीने पाहावं. अंधार पडल्यावर लहान मुलांना एकटं सोडू नका, चालताना बोलत राहा किंवा मोबाइलवर गाणी लावा. पाड्यांवर शौचालय नसल्यामुळे बायका-मुलांना रात्री झाडीत जावं लागतं, हा तर खरा जीवघेणा प्रश्न आहे. पिंजऱ्यासाठी जेवढा जोर लावतो, तेवढा शौचालयासाठी लावला तर जीव वाचतील. बिबट्या समोर आलाच, तर घेराव घालू नका, त्याला निघायला वाट ठेवा. आरेतले वारली पिढ्यान्‌पिढ्या वाघोबाला पुजत त्याच जंगलात राहत आले आहेत. शेजार सांभाळायचा कसा, हे त्यांच्याकडून शिकण्यासारखं आहे.

पिल्लू पडलं, घरी आणलं

उन्हाळ्यात झाडाखाली पिल्लं सापडतात. पंख फुटलेलं, उड्या मारणारं पिल्लू बहुतेक वेळा हरवलेलं नसतं. ते उडायला शिकत असतं आणि आई-बाप जवळच्या फांदीवर असतात. कुत्र्या-मांजरांपासून वाचेल अशा उंचीवर त्याला ठेवा आणि लांबून बघा. अंगावर पिसं नसलेलं पिल्लू असेल, तर घरट्यात परत ठेवा. माणसाचा हात लागला की आई टाकून देते, हा गैरसमज आहे.

पक्षी खरंच जखमी असेल, तर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, अंधारात आणि शांत जागी ठेवा. चोचीत पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं आणि वाचू शकला असता तो पक्षी गुदमरून मरतो. दूध-पावही नको. संक्रांतीला घारी आणि घुबडं मांज्यात अडकतात. तेव्हा मांजा ओढू नका. दोन्ही बाजूंनी कापा, मांसात रुतलेला तुकडा तसाच राहू द्या आणि परळच्या बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालयासारख्या ठिकाणी न्या. घुबडाचा फोटो ठिकाणासकट टाकणं टाळा, गर्दी आणि चोर दोघेही तो पाहत असतात.

साप

काठी, फिनेल, मीठ काही नको. खोलीचं दार बंद करा, फटीत फडकं कोंबा आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. साप कुठे आहे, केवढा आहे, जवळ लहान मुलं आहेत का, एवढं सांगा. कोणाला साप चावला तर बांधणं, कापणं, चोखणं यात वेळ घालवू नका, तडक मोठं रुग्णालय गाठा. साप मारून सोबत नेण्याची गरज नाही: नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर एकच प्रतिविष चालतं.

घरातलं कासव तलावात सोडलं

वास्तूसाठी आणलेलं स्टार कासव किंवा पिंजऱ्यातला देशी पोपट ठेवणं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली गुन्हा आहे. हे कळल्यावर घाबरून लोक कासव पवई तलावात सोडतात. स्टार कासव जमिनीवरचं असतं, पाण्यात बुडून मरतं. लाल कानाचं परदेशी कासव मात्र तगतं आणि आपल्या कासवांचं अन्न व जागा बळकावतं. पोपटाला तर उडायची सवयच उरलेली नसते. स्वतः सोडू नका, वनविभागाच्या ताब्यात द्या.

किनाऱ्यावर आणि जाळ्यात

पावसाळ्यात जुहू-वर्सोव्याला ऑलिव्ह रिडले ही समुद्री कासवं वाहून येतात. त्यांना पाण्यात ढकलणं ही दया वाटते, पण ती बहुतेकदा जखमी किंवा आजारी असल्यामुळेच किनाऱ्याला लागलेली असतात. सावली करा, पाठीवर ओलं फडकं टाका, नाकपुड्या मोकळ्या ठेवा आणि वनविभागाच्या कांदळवन कक्षाला किंवा १९२६ ला कळवा. डहाणूला अशा कासवांसाठी उपचार केंद्र आहे. मेलेलं कासव किंवा डॉल्फिन दिसलं तरी कळवा, कारण मृत्यूचं कारण तपासणीतूनच कळतं.

जाळ्यात सापडलेल्या धडधाकट कासवाचं मात्र उलट आहे: त्याला लगेच समुद्रात सोडायचं. जाळं कापावं लागतं म्हणून कोळी बांधवांचं नुकसान होतं. त्यासाठी डिसेंबर २०१८ पासून राज्यात २५,००० रुपयांपर्यंत भरपाईची योजना आहे. घाईत फोटो राहून जातो आणि फोटो हाच पुरावा असतो. म्हणून जाळं कापण्याआधी एक आणि प्राणी पाण्यात जाताना एक, असे दोन फोटो होडीवरच्या दुसऱ्या माणसाने काढून ठेवावेत.