विदर्भातून गुलमर्गला: पहिल्यांदा स्की शिकायला जाताना

बर्फ डिसेंबरअखेर जमतो आणि मार्चपर्यंत टिकतो. आपल्याकडच्या शेतकऱ्याला सोयीचे दिवस म्हणजे जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा. तूर घरात आलेली असते, हरभऱ्याची सोंगणी लागायची असते. पराटीचा शेवटचा वेचा तेवढा कुणावर तरी सोपवा.

महिनाभर आधी मांड्या तयार करा. भिंतीला पाठ टेकवून, हवेत खुर्ची घेतल्यासारखं तीस सेकंद बसा, तीनदा. हळूहळू मिनिटावर न्या. धुऱ्याच्या उतारावर आडवं उभं राहून एकेक पाऊल वर टाकायचा सराव करा. सुरुवातीला उतारावर वर ओढून नेणारी लिफ्ट नसते, स्की पायात घालून असंच चढावं लागतं.

भाड्याच्या सामानात सगळ्यात जास्त वेळ बुटावर घालवा. सरळ उभं राहिल्यावर बोटं पुढे जेमतेम टेकली पाहिजेत, गुडघे वाकवले की मागे सरकली पाहिजेत. टाच उचलली जात असेल तर बूट मोठा आहे, बदलून मागा. मोजा एकच, पातळ लोकरीचा, गुडघ्यापर्यंतचा. थंडीच्या धाकाने दोन घातले की घडी पडते, फोड येतात, रक्त अडून बोटं उलट जास्त गारठतात. पँट बुटात खोचू नका. स्कीची उंची हनुवटीपर्यंत पुरे. बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारी पकड, तुमचं खरं वजन सांगूनच लावून घ्या. घट्ट राहिलं तर पडताना स्की सुटत नाही आणि गुडघा पिळवटतो.

आतून सुती बनियन नको, घामाने ओलं झालं की वाळत नाही. गॉगल आणि सनस्क्रीन ढगाळ दिवशीही लागतं. दुपट्टा खोलीवर ठेवा, लिफ्टच्या दोरात अडकतो.

उतारावर स्कीची टोकं जवळ, मागचे भाग लांब, म्हणजे वेग मोडतो. भीती वाटली की माणूस मागे रेलतो. मग पुढच्या टोकांवरचं वजन जातं आणि स्की वळेनाशी होते. नडगी बुटाच्या पुढच्या भागावर दाबून ठेवा. पडायचंच असेल तर बाजूला, काठ्या सोडून. काठी हातात राहिली तर अंगठा दुखावतो. स्नोबोर्डवर (दोन्ही पाय एकाच फळीवर) पडताना तळहात टेकला की मनगट मोडतं, म्हणून मुठी आवळा. आठवडाभरच असाल तर स्कीच घ्या, बोर्डवर पहिले दोन दिवस नुसतं आपटणं होतं.

गुलमर्ग सुमारे 2,650 मीटरवर, आपलं चिखलदरा 1,100च्या आसपास. पहिल्या दिवशी दम लागणारच. पाणी पीत राहा. गोंडोलाचा, म्हणजे तिथल्या रोपवेचा, दुसरा टप्पा नवशिक्यांचा नाही, तिथे हिमस्खलनाचा धोका असतो.

बाहेरचं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, पोस्टपेड न्या. गुलमर्गच्या पायथ्याच्या तंगमर्ग गावापुढे चाकांना साखळ्या लावलेली गाडीच ठरवा.