एमएस असताना हॉस्पिटलची ड्युटी कशी सांभाळायची

मल्टिपल स्क्लेरोसिस (एमएस, मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांचा आजार) असलेल्या सिस्टर, ब्रदर, टेक्निशियन, रेसिडेंट सगळ्यांसाठी लिहितेय, कारण न्यूरोलॉजिस्ट औषध नीट समजावतात पण वॉर्डात कसं निभवायचं ते कुणी सांगत नाही.

सगळ्यात आधी लसींचं बघा. आपल्याला सुई कधीही टोचू शकते, त्यामुळे रिटुक्सिमॅब किंवा ऑक्रेलिझुमॅब (एमएसची, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं) चालू व्हायच्या आधी हिपॅटायटिस बीचे डोस पूर्ण करा आणि टायटर (रक्तातल्या अँटीबॉडी मोजायची टेस्ट) करून घ्या, 10 mIU/ml च्या वर पाहिजे, कारण या औषधांवर असताना लस घेतली तर अँटीबॉडी नीट तयार होत नाहीत. एमएमआर आणि कांजण्यांची लस जिवंत असते, ती किमान 4 आठवडे आधीच उरकायची, नंतर चालत नाही. टीबीची तपासणीपण आधीच. आजार जोरात असेल तर लसीसाठी थांबायचं का हे डॉक्टरच ठरवतील, पण तुम्ही चेस्ट वॉर्डला आहात की आयसीयूला हे त्यांना स्वतःहून सांगा, ते विचारतीलच असं नाही.

मग उष्णता. अंग तापलं की मायलिन (नसांवरचं आवरण) गेलेल्या नसांमधून संदेश नीट जात नाहीत, पीपीई घालून तासभर झाला की नजर अंधुक, पाय जड, आणि आपण घाबरतो की एमएसचा नवा अटॅक आला. गार पाणी प्या, मानेवर ओला नॅपकिन ठेवा, पंख्याखाली बसा, थोड्या वेळात उतरलं तर तो अटॅक नाही. नवीन त्रास 24 तासांपेक्षा जास्त टिकला तर मात्र लगेच न्यूरोलॉजिस्टला फोन करायचा, ड्युटी संपायची वाट बघायची नाही. आणि प्लीज लघवी दाबून ठेवू नका, आपल्याकडे सगळ्याच जणी राऊंड संपेपर्यंत दाबतात, पण युरिन इन्फेक्शनने जुनीच लक्षणं उफाळतात, म्हणून अटॅक समजून स्टेरॉइड लावायच्या आधी युरिन रूटीन आणि कल्चर पाठवायला सांगा.

नजर किंवा बोटं साथ देत नसतील त्या दिवशी इन्सुलिन, हेपरिन, पोटॅशियम भरताना दुसऱ्या सिस्टरला व्हायल मोठ्याने वाचायला लावा, कॅन्युला दुसऱ्याला टाकू दे. यात कमीपणा काही नाही, पेशंट सेफ राहतो हे महत्त्वाचं.

ड्युटीचं तोंडी बोलून भागत नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात एमएसचं नाव आहे, आणि सरकारी नोकरीत असताना अपंगत्व आलं तर काढता येत नाही, खालच्या पदावर टाकता येत नाही, त्याच पगारावर दुसरं काम द्यावं लागतं. प्रायव्हेटलाही समान संधीचं धोरण ठेवावंच लागतं, ते एचआरकडे मागा. यूडीआयडी कार्डसाठी (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) ऑनलाइन अर्ज करा. मेट्रनला अर्ज देताना ‘हलकं काम द्यावे’ एवढंच लिहू नका, सलग नाइट नको, ओपीडी किंवा ट्रेनिंगला पोस्टिंग, मध्ये बसायला 15 मिनिटं, असं नेमकं मागा, न्यूरोलॉजिस्टचं पत्र जोडा आणि आपल्या कॉपीवर आवकचा शिक्का मारूनच घ्या.