वेब ॲपमधून गिटहब ॲक्शन्सचा वर्कफ्लो सुरू होत नसेल तेव्हा

वेब ॲप्लिकेशनमधल्या एखाद्या बटणावरून गिटहब ॲक्शन्सचा वर्कफ्लो (कोड तपासणे, डिप्लॉय करणे अशा कामांची स्वयंचलित मालिका) सुरू करायचा म्हणजे गिटहबच्या एपीआयकडे एक पोस्ट रिक्वेस्ट पाठवायची, एवढेच काम असते. पण ते अडले की बहुतेक जण लगेच वर्कफ्लोची मांडणी जिच्यात लिहिलेली असते ती यामल फाइल उघडून बसतात. त्याआधी सर्व्हरचे उत्तर पाहावे. कोणता स्टेटस कोड आला आणि बॉडीत कोणता संदेश होता, या दोन्ही गोष्टी लॉगमध्ये जशाच्या तशा उतरल्या पाहिजेत. अनेक प्रकल्पांत कॅच ब्लॉक, म्हणजे चूक पकडणारा कोडचा भाग, मूळ संदेश गिळून टाकतो आणि फक्त ‘काहीतरी चुकले’ एवढे दाखवतो. ती ओळ दुरुस्त केल्याशिवाय पुढच्या तपासाला हात घालू नये. मात्र ऑथरायझेशन हेडर लॉगमध्ये कधीही छापू नये, कारण त्यात टोकन, म्हणजे गिटहबला आपली ओळख पटवणारी गुप्त किल्ली, असते.

सर्वांत जास्त दिशाभूल करतो तो 404. खासगी रिपॉझिटरी अस्तित्वात आहे हेसुद्धा अनधिकृत व्यक्तीला कळू नये म्हणून गिटहब अशा वेळी 403 (मनाई) ऐवजी 404 देते, त्यामुळे पत्ता अचूक असूनही टोकनला त्या रिपॉझिटरीत प्रवेश नसेल तर ‘सापडले नाही’ असेच उत्तर येते. याची उकल करायची तर तेच टोकन वापरून आधी रिपॉझिटरीची माहिती मागवणारी साधी गेट रिक्वेस्ट करावी. तिलाही 404 आला तर दोष टोकनमध्ये किंवा मालकाच्या अथवा रिपॉझिटरीच्या नावात आहे. ती 200 देऊन परतली तर त्याच रिपॉझिटरीतल्या वर्कफ्लोंची यादी मागवावी आणि आपण पाठवत असलेले नाव तिच्याशी ताडून पाहावे. येथे फाइलच्या आत लिहिलेले वर्कफ्लोचे शीर्षक चालत नाही. एक्स्टेन्शनसह फाइलचे नाव किंवा यादीत दिलेला क्रमांकच द्यावा लागतो. फाइल अजून फक्त फीचर ब्रँचवर असेल, तर ती डीफॉल्ट ब्रँचवर गेल्याशिवाय हा मार्ग उघडत नाही.

401 (ओळख पटली नाही) आला तर टोकनची मुदत संपली आहे का, आणि एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये त्याच्या शेवटी रिकामी जागा चिकटली आहे का, ते पाहावे. 403 बहुधा परवानगीचा असतो: मर्यादित अधिकारांच्या नव्या प्रकारच्या टोकनला आणि गिटहब ॲपला ‘ॲक्शन्स’साठी लिहिण्याची परवानगी लागते, नुसती वाचण्याची पुरत नाही. यूझर-एजंट हेडर नसलेली रिक्वेस्टही गिटहब नाकारते, हे स्वतःचा एचटीटीपी क्लायंट लिहिणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

422 (विनंतीतली माहिती ग्राह्य नाही) आला तर संदेश नीट वाचावा, कारण चूक कोठे आहे ते तो बहुधा सरळ सांगतो. वर्कफ्लोमध्ये ‘वर्कफ्लो डिस्पॅच’ हा बाहेरून मागणी करून रन सुरू करू देणारा ट्रिगर नाही, ‘रेफ’मध्ये, म्हणजे कोणत्या ब्रँचवर चालवायचे ते सांगणाऱ्या रकान्यात, दिलेली ब्रँच सापडत नाही, किंवा फाइलमध्ये न घोषित केलेले इनपुट पाठवले आहे, अशी कारणे त्यात असतात. ट्रिगरबाबत एक बारकावा आहे: रन होतो तो ‘रेफ’मधल्या ब्रँचवरच्या फाइलनुसार, त्यामुळे ट्रिगर मुख्य ब्रँचवर असून त्या जुन्या ब्रँचवर नसेल तर उपयोग नाही. याउलट, इनपुटची एक चूक कोणताही कोड न देता निसटते. ‘गिटहब.इव्हेंट.इनपुट्स’मधून वाचलेले बूलियन मूल्य स्ट्रिंग असते, आणि ‘फॉल्स’ ही रिकामी नसलेली स्ट्रिंग अटीत खरी ठरते. म्हणून थेट ‘इनपुट्स’मधून मूल्य वाचावे.

आता यश मिळूनही बिघडणारा प्रकार. उत्तर 204 असेल तर त्याला बॉडी नसते. कोडने त्यावर डोळे झाकून जेसॉन पार्सिंग चालवले की तेथे एक्सेप्शन उठते, वापरकर्त्याला अपयशाचा संदेश दिसतो, तो पुन्हा बटण दाबतो, आणि डिप्लॉयमेंट दोनदा सुरू होते. म्हणून आधी कोड तपासावा, 204 असेल तर पार्सिंग टाळावे आणि उत्तर येईपर्यंत बटण निष्क्रिय ठेवावे. शिवाय 204 म्हणजे विनंती स्वीकारली, काम पूर्ण झाले असे नव्हे. त्या उत्तरात रनचा क्रमांकही नसतो. तेव्हा आपणच एक अद्वितीय ओळखक्रमांक इनपुट म्हणून पाठवावा, यामलमधल्या ‘रन-नेम’मध्ये तो घालावा आणि रनची यादी मागवून त्यावरून आपला रन शोधावा.

ही रिक्वेस्ट नेहमी आपल्या सर्व्हरवरूनच गेली पाहिजे. गिटहबचा एपीआय ब्राउझरमधून आलेल्या रिक्वेस्टही स्वीकारतो, त्यामुळे जावास्क्रिप्टमध्ये टोकन ठेवून काम भागते खरे. पण पान उघडणाऱ्या कोणालाही ते टोकन वाचता येते, आणि असे टोकन आढळले तर ते लगेच रद्द करावे.

रन सुरू होऊन लगेच ‘कॅन्सल्ड’ दिसत असेल, तर वेब ॲपमध्ये शोधत बसू नये. यामलमध्ये ‘कॉन्करन्सी’चा, म्हणजे एकाच वेळी किती रन चालावेत हे ठरवणारा, गट नेमलेला असेल, तर नेहमीच्या मांडणीत त्या गटात एक रन चालू आणि एकच प्रतीक्षेत राहतो, तिसरा आला की प्रतीक्षेतला आधीचा रद्द होतो. प्रत्येक विनंती स्वतंत्रपणे पूर्ण व्हायला हवी असेल, तर गटाच्या नावात तोच ओळखक्रमांक जोडावा.