बेडूक पाहायला जाताय? आधी गमबूट धुवा

कायट्रिड बुरशीचे बीजाणू शेपटीच्या जोरावर पाण्यात पोहतात आणि बेडकाच्या त्वचेत शिरतात. त्वचेतून होणारी क्षारांची ने-आण बिघडते आणि शेवटी हृदय बंद पडतं. ऑस्ट्रेलियात आणि मध्य अमेरिकेत या बुरशीने जातीच्या जाती संपवल्या. ती पश्चिम घाटातही सापडली आहे. इथे तशी मोठी मर झालेली नाही, पण बाहेरचा जास्त घातक वाण चिखलाच्या एका गोळ्यातून येऊ शकतो.

ओढा बदलताना, गाडीत बसण्याआधी, पाण्यापासून लांब थांबा. पहिलं काम ब्रशचं: तळव्याच्या खाचा, नाडीची भोकं, जाळीची कडा. हे टाळलंत तर पुढचं सगळं वाया जातं, कारण चिखलातला सेंद्रिय गाळ जंतुनाशकाची ताकद खाऊन टाकतो. मग बादलीत ५ लिटर पाणी घेऊन त्यात ५० ग्रॅम व्हर्कॉन एस ही जंतुनाशक पूड ढवळा (१ टक्का) आणि गमबूट, जाळी ५ मिनिटं बुडवून ठेवा. नुसतं शिंपडून भागत नाही. द्रावणाचा गुलाबी रंग उडाला की ते टाकून नवीन करा. व्हर्कॉन नसेल तर ४ टक्क्यांच्या सोडियम हायपोक्लोराइटचा (ब्लीच) १ भाग आणि पाण्याचे ३ भाग, वेळ तेवढाच. बाटली ताजी हवी. उन्हात तापलेल्या गाडीतल्या बाटलीवर भरवसा नको. हातमोजे घाला, डोळे सांभाळा. शेवटी सोबत आणलेल्या पाण्याने खळखळून धुवा. वापरलेलं द्रावण ओढ्यात ओतू नका, बेडकांना तेही विषच. मोजपट्टी, कॅलिपर यांना ७० टक्के अल्कोहोल, १ मिनिट.

पूर्ण सुकल्यावर ही बुरशी मरते, पण जुलैतल्या आंबोलीत काय सुकणार? तिथे सुकवण्याच्या भरवशावर राहू नका. कपडे, पिशव्या ६०° से. पाण्यात ५ मिनिटं ठेवा.

एकाच ओढ्यावर काम असेल तर वरून खाली उतरत या. प्रवाह बुरशी खाली नेतोच, वर नेणारे आपणच. बेडूक हाताळायला वनखात्याची परवानगी लागते. ती असेल तर दर बेडकामागे नवे हातमोजे आणि नवी पिशवी. बेडूकमाशांकडे दुर्लक्ष नको: त्यांच्यात बुरशी तोंडाच्या कठीण भागापुरती राहते, ते सहसा मरत नाहीत, पण ती पुढे पसरवतात.

दिवसाढवळ्या उघड्यावर सुस्त बसलेला, ज्याची कात सतत सुटतेय असा, उलटा केला तरी न पलटणारा बेडूक दिसला तर फोटो काढून जागा नोंदवा आणि वनखात्याला कळवा. मेलेला नमुना नेण्याची परवानगी असेल तर ७० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा. फॉर्मॅलिनने डीएनए खराब होतो.