जुनी कॅम्पर व्हॅन घरी दुरुस्त करताना: आधी पाणी शोधा

आमची व्हॅन 1972 ची फोक्सवॅगन टाइप 2 आहे. मागे एअर-कूल्ड (हवेने थंड होणारं) 1600 सीसीचं इंजिन, वर उचलायचं छत. ती दारात आली त्याच आठवड्यात मी पडद्यांचं कापड बेतलं आणि दोन महिन्यांत पलंग, कपाटं, गाद्या सगळं बसवलं. मग एका पावसानंतर पलंगाखालचं प्लायवूड फुगलेलं दिसलं. कपाट हलवलं, तर मागचा पत्रा अंगठ्याने दाबला की आत जात होता. बसवलेलं सगळं उचकटून काम पहिल्यापासून करावं लागलं. म्हणून पुढचा क्रम मी आग्रहाने सांगते: आधी पाणी, मग गंज, मग इंजिन-ब्रेक, आणि लाकूडकाम अगदी शेवटी.

गळती शोधायला व्हॅन आतून पूर्ण रिकामी करा. मॅट, पॅनेल, सीट, सगळं काढा. काढायच्या आधी प्रत्येक गोष्टीचा फोटो घ्या आणि स्क्रू छोट्या पिशव्यांत घालून वर नाव लिहा. मग एकाने बाहेर पाण्याचा पाइप धरायचा, दुसऱ्याने टॉर्च आणि खडू घेऊन आत बसायचं. धार खालून सुरू करा: आधी दारांची रबरं, मग खिडक्यांच्या खालच्या कडा, मग वरच्या, मग छताची पन्हळ, सगळ्यात शेवटी छत. प्रत्येक पातळीवर दहा मिनिटं तरी थांबा. वरून सुरुवात केलीत तर पाणी ओघळून सगळीकडे जातं आणि वाट नेमकी कुठली ते कळत नाही. आमच्याकडे भाऊ बाहेर होता, मी आत. समोरच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यातून आलेलं पाणी डॅशबोर्डमागून उतरून ड्रायव्हरच्या पायाखाली साठत होतं. ओलं दिसतं तिथे भोक असेलच असं नाही, ओघळ उलटा वर शोधत जा.

आता गंज. पातळ कापडात गुंडाळलेलं चुंबक पत्र्यावरून फिरवा. जिथे ते पकड सोडतं, तिथे रंगाखाली पुट्टीचा जाड थर आहे. मग स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत चला. चांगला पत्रा खणखणतो, कुजलेला बद्द वाजतो. या व्हॅनमध्ये चाकांच्या कमानी, दाराखालची सिल, जॅक लावायच्या जागा, बॅटरीखालचा ट्रे, छताची पन्हळ आणि पुढच्या काचेची खालची कड आधी तपासा. बाहेर रुपयाएवढा फुगा दिसला, तर आत तळहाताएवढा भाग गेला आहे असं धरूनच कामाला लागा.

सिलबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण इथे चूक महागात पडते. सिल ही पत्र्यांची पोकळ पेटी असते आणि गाडीचा भार ती पेलते. कापण्याआधी गाडी भक्कम स्टँडवर सपाट ठेवा (नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली कधीच शिरू नका), दाराच्या चौकटीत आडवा लोखंडी पाइप वेल्डिंगच्या टाक्यांनी पक्का करा आणि चौकटीचे दोन्ही कर्ण मोजून लिहून ठेवा. एका वेळी एकच बाजू कापा. कर्णांची मापं बदलली, तर सरकतं दार पुन्हा नीट बसणार नाही. कापणं, घासणं, पुठ्ठ्याचा साचा करून पत्रा बेतणं आम्ही केलं. वेल्डिंग मात्र एका अनुभवी वेल्डरकडून करून घेतलं. त्याआधी बॅटरीच्या तारा सोडवा आणि पेट्रोलची टाकी काढा. अग्निशामक हाताशी ठेवा, काम संपल्यावर तासभर तिथेच थांबा.

जुन्या रंगात शिसं असू शकतं. तो ओल्या पॉलिश पेपरने घासा, चांगला मास्क लावा. ब्रेकच्या जुन्या धुळीत ॲस्बेस्टॉस असू शकतं, ती फुंकून उडवू नका. रस्ट कन्व्हर्टर (गंजाचा टिकाऊ थर बनवणारं रसायन) फक्त वरवरच्या गंजावर चालतो, भोकावर त्याचा उपयोग नाही. उघड्या पत्र्यावर त्याच दिवशी प्रायमर मारा. सांध्यांना सीलंट लावा, पण पाणी निथळायला ठेवलेली खालची भोकं बुजवू नका. ती बुजली की नवी सिलसुद्धा आतून कुजते. वेल्डिंग आणि रंग झाल्यावर पोकळ भागांत मेण फवारा. आधी फवारलंत तर वेल्डिंगच्या ठिणगीने ते पेटतं.

काचेचं रबर कडक झालं असेल तर वरून सिलिकॉन फासू नका. आंबट वासाचं सिलिकॉन उलट पत्रा गंजवतं. नवं रबर आणा, ते काचेवर चढवा, आणि पत्र्यावर बसणाऱ्या खाचेत चार-पाच मिलिमीटरची गुळगुळीत दोरी सगळीकडून फिरवा. टोकं खाली मधोमध एकमेकांवरून जाऊ द्या. कडेला साबणाचं पाणी लावून काच बाहेरून जागेवर धरा. आता एकाने आतून दोरी हळूहळू ओढायची, दुसऱ्याने बाहेरून त्याच जागी तळहाताने दाबायचं. दोरी सुटत जाते तसा रबराचा ओठ आत पलटून पत्र्यावर बसतो. आमची काच तिसऱ्या प्रयत्नात बसली. घाई केली तर कोपऱ्यात काच तडकते.

इंजिनात हात घालायच्या आधी पेट्रोलचे रबरी पाइप बदला, सगळेच्या सगळे, इथेनॉल सोसणारे घ्या आणि क्लिप नव्या लावा. या गाड्यांना आग लागायचं हे ठळक कारण आहे: तडकलेल्या पाइपातून पेट्रोल गरम इंजिनावर टपकतं. इंजिनाभोवतीचे पत्रे आणि कडेचं रबर अडगळ समजून काढू नका. गरम हवा पुन्हा आत ओढली जाऊ नये म्हणूनच ते असतात. व्हॉल्व्हची फट थंड इंजिनावर 0.15 मिलिमीटर ठेवा. तेल अडीच लिटर लागतं, आणि या इंजिनाला कागदी फिल्टर नसून फक्त जाळी असते, तेव्हा तेल लवकर लवकर बदला. ब्रेकचे रबरी होज आणि सिलिंडर नवे टाका. टायर भारवाहू गाडीचेच घ्या.

आतलं काम आता झटपट होतं. आतल्या दिव्यांसाठी वगैरे लावलेल्या वेगळ्या बॅटरीच्या धन टोकाजवळच फ्यूज लावा. स्वयंपाकाच्या गॅसची जोडणी परवानाधारक माणसाकडून करून घ्या. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, तो निघून जायला तळाशी उघडे झरोके हवेतच. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावल्याशिवाय आत झोपू नका.

पलंगाखालची फळी मी स्क्रूने बसवली आहे, चिकटवलेली नाही. प्रत्येक मोठ्या पावसानंतर ती उचलून खालच्या पत्र्यावर हात फिरवते.