ईसीएममध्ये करंट भरपूर, तरी माप चुकतंय? या चुका टाळा

ईसीएम म्हणजे इलेक्ट्रोकेमिकल मशीनिंग: टूल आणि जॉब (कापायचा तुकडा) यांच्यामधून क्षाराचं पाणी वाहवत करंट सोडायचा आणि जॉबचा धातू विरघळवून आकार द्यायचा. हजार अँपिअर जॉबमधून जातायत, मीटर स्थिर आहे, तरी भोक मापात येत नाही. अशा वेळी पहिला हात व्होल्टेजच्या नॉबकडे जातो. तो आवरा. कापणी एकदा स्थिरावली की धातू निघण्याचा वेग टूलचा फीड, म्हणजे टूल जॉबकडे सरकण्याचा वेग, ठरवतो. व्होल्टेज वाढवलं तर टूल आणि जॉबमधली गॅप तेवढी मोठी होते आणि भोक आणखी ऐसपैस होतं. वेग हवा असेल तर फीड वाढवा. फीड दुप्पट केला की गॅप ढोबळमानाने निम्म्यावर येते, करंट आपोआप चढतो आणि कडाही नेमक्या येतात. अर्थात ही गॅप मिलिमीटरच्या काही दशांश भागांएवढीच असते. फार रेटलं तर शॉर्ट होऊन टूल आणि जॉब दोन्ही जळतात.

दुसरी चूक हिशेबाची. लोखंड दोन इलेक्ट्रॉन सोडून विरघळलं तर १००० अँपिअरला मिनिटाला सुमारे २.२ घन सेंटिमीटर धातू निघतो. तीन सोडले तर जेमतेम १.५. म्हणजे मीटरवर आकडा तोच आणि धातू एक तृतीयांशाने कमी! क्षार सोडियम नायट्रेट असेल तर काही करंट ऑक्सिजन सोडण्यातही खर्ची पडतो. म्हणून तक्त्यातली संयुजा (एक अणू किती इलेक्ट्रॉन सोडतो तो आकडा) डोळे झाकून घेऊ नका. त्याच मिश्रधातूचा तुकडा कापायच्या आधी आणि नंतर तोला, करंट आणि वेळ लिहून ठेवा. अँपिअर-मिनिटाला किती ग्रॅम निघाले, हा तुमचा खरा आकडा.

पाण्यात क्षार कोणता, मीठ की नायट्रेट? मिठाचं पाणी स्वस्त, पण ते बाजूच्या भिंतीही खात बसतं, त्यामुळे कडा गोल होतात. सोडियम नायट्रेटमध्ये करंट घनता (तेवढ्याच क्षेत्रफळातून जाणारा करंट) कमी असेल तिथे पोलादावर संरक्षक थर टिकतो, म्हणून आकार नेटका येतो. गंमत अशी की नायट्रेट भरून वर ‘जपून’ कमी करंट लावणारे बरेच भेटतात. मग थर कुठे फुटतो, कुठे टिकतो आणि पृष्ठभागावर खड्डे पडतात. टायटॅनियमचा थर तर फार चिवट. तिथे क्लोराइड किंवा ब्रोमाइडच बरं.

एका टोकाला गॅप जास्त, दुसऱ्याला कमी दिसली तर पाण्याचा प्रवाह तपासा. १००० अँपिअरला कॅथोडवर, म्हणजे टूलवर, मिनिटाला साधारण साडेसात लिटर हायड्रोजन सुटतो. बुडबुडे पाण्याची वाहकता कमी करतात, तापमान ती वाढवतं, आणि दोन्ही बदल प्रवाहाच्या दिशेने साचत जातात. बाहेर पडणाऱ्या टोकाला उलटा दाब दिला की बुडबुडे आकसतात. पृष्ठभागावर रेघोट्या उमटल्या तर प्रवाह टूलच्या कोपऱ्यात अडतोय किंवा फिल्टर गाळाने भरलाय. हायड्रोजन बाहेर काढणारा पंखा मात्र कापणी सुरू व्हायच्या आधी चालू हवा.

स्टेनलेस स्टील कापताना नायट्रेट पिवळं झालं तर क्रोमियम सहा संयुजेत उतरलंय असं धरा. ते कॅन्सरकारक आहे. हातमोजे घाला आणि ते पाणी गटारात सोडू नका. आधी आम्ल करून सोडियम मेटाबायसल्फाइटने क्रोमियम तीन संयुजेवर आणा, मग अल्कली घालून गाळ बसवा. तो गाळही घातक कचऱ्यातच जातो.